खेळ कुठे संपवायचा? : पटावरील युद्ध आणि अलीकडचा इतिहास

युद्धाविषयी लिहिणाऱ्या प्रत्येकाला दोन निर्णय आधी घ्यावे लागतात. कथन कोणत्या क्षणी सुरू करायचे, आणि कोणत्या क्षणी थांबवायचे. पानिपतची कथा दत्ताजी शिंद्यांच्या बुराडी घाटापासून सांगितली की तिचा एक अर्थ होतो. १४ जानेवारी १७६१ च्या सकाळपासून सांगितली की दुसरा. आणि युद्धानंतर बाजारबुणग्यांचे व बायकामुलांचे काय झाले इथपर्यंत नेली की तिसरा. बखरकार, कादंबरीकार आणि इतिहासकार यांच्या या निर्णयांची चिकित्सा साहित्याचे अभ्यासक म्हणून आपण नेहमीच करीत असतो. पण हेच दोन निर्णय घेणारा आणखी एक रचनाकार आहे, आणि त्याला आपण रचनाकार मानतच नाही. तो म्हणजे टेबलावर मांडावयाच्या युद्धखेळासाठी प्रसंग निवडणारा माणूस. प्रस्तुत लेखात आम्हांला त्याच्याविषयी लिहायचे आहे. विशेषतः तो जेव्हा शिवकाल किंवा नेपोलियनचा काळ सोडून आपल्या आईवडिलांच्या, आजीआजोबांच्या आठवणीतील संघर्ष निवडतो, तेव्हा नेमके काय घडते, याविषयी.

प्रथम या खेळाचे स्वरूप. साधारण सहा फूट लांब व चार फूट रुंद टेबलावर टेकड्या, नदी, पूल, घरे मांडलेली असतात. त्यावर शिशाच्या किंवा प्लॅस्टिकच्या, हाताने रंगविलेल्या सैनिकांच्या लहान मूर्ती असतात. काही बोटभर उंचीच्या, काही नखाएवढ्या. दोन खेळाडू दोन पक्ष घेतात. कोणी किती पुढे सरकायचे, गोळी लागली की नाही, पथकाचा धीर खचला की टिकला, हे नियमांनी व फाशांनी ठरते. बुद्धिबळाशी याचे नाते आहेच. फरक इतकाच की बुद्धिबळात दोन्ही बाजू समान असतात आणि पट कोणत्याही गावाचा नसतो. येथे पट एखाद्या खऱ्या गावाचा असतो आणि बाजू कधीच समान नसतात. म्हणून खेळ सुरू होण्यापूर्वी कोणीतरी 'प्रसंग' लिहावा लागतो : स्थळ कोणते, वेळ कोणती, कोणाकडे किती माणसे, खेळ किती फेऱ्यांनी संपेल आणि कोणाला विजयी म्हणायचे. हा पानभर मजकूर म्हणजे आमच्या मते इतिहासलेखनच होय.

१.

या खेळाची अधिकृत वंशावळ प्रशियापासून सांगतात. १८२४ मध्ये रायस्वित्झ नावाच्या तरुण तोफखाना अधिकाऱ्याने, आपल्या वडिलांच्या कल्पनेला नवे रूप देऊन, नकाशावर खेळावयाचा युद्धखेळ तेथील सेनाप्रमुखांपुढे मांडला. लाल आणि निळ्या ठोकळ्यांची पथके, एकास आठ हजार प्रमाणाचा नकाशा, दोन मिनिटांची एक चाल, फासे, आणि मध्ये बसलेला पंच. पंचालाच सारे दिसते. खेळाडूला शत्रूचे तेवढेच दिसते जेवढे त्या जागी उभ्या असलेल्या सेनापतीला दिसले असते. सेनाप्रमुख म्युफलिंग यांनी हा खेळ साऱ्या सैन्याच्या शिक्षणासाठी शिफारशीने पुढे पाठविला. पुढे १९१३ मध्ये एच. जी. वेल्स यांनी 'लिटल वॉर्स' हे पुस्तक लिहून हा खेळ सैनिकी शाळेतून घराच्या दिवाणखान्यात आणला. वेल्स स्वतः युद्धविरोधी होते, आणि पुस्तकानंतर वर्षभरातच पहिले महायुद्ध सुरू झाले. त्यांच्या पुस्तकाकडे आज त्या छायेतूनच पाहावे लागते.

पण साहित्याच्या विद्यार्थ्याला याहून जवळची वाटेल अशी एक वंशावळ आहे. जून १८२६ मध्ये इंग्लंडातील हॉवर्थ या गावी पॅट्रिक ब्राँटी या धर्मोपदेशकाने आपल्या मुलासाठी बारा लाकडी सैनिक आणले. चारही भावंडांनी एकेक सैनिक उचलला. शार्लटने आपल्या सैनिकाचे नाव ठेवले ड्यूक ऑफ वेलिंग्टन. ब्रॅनवेलने ठेवले बोनापार्ट. या सैनिकांच्या खेळातून 'ग्लास टाउन' आणि 'अँग्रिया' ही कल्पित राज्ये उभी राहिली, त्यांचे इतिहास बारीक अक्षरात लिहिले गेले, आणि 'जेन एअर' व 'वदरिंग हाइट्स' लिहिणाऱ्या लेखिकांची लेखणी तेथेच प्रथम चालू लागली.

या प्रसंगाची एक बाजू सहसा लक्षात घेतली जात नाही. १८२६ मध्ये वॉटर्लूला अवघी अकरा वर्षे झाली होती. वेलिंग्टन जिवंत होता. दोनच वर्षांनी तो पंतप्रधान होणार होता. म्हणजे ब्राँटी भावंडांचा खेळ हा त्यांच्या दृष्टीने 'आधुनिक संघर्षाचा' खेळ होता. त्या काळच्या इंग्लंडात वॉटर्लूवर पाय गमावलेली माणसे हयात होती. तेव्हा अलीकडच्या युद्धाचा खेळ करणे हा आजच्या संवेदनशून्य काळाचा रोग आहे, असे जे एकदम म्हटले जाते, ते टिकत नाही. प्रश्न किती वर्षे लोटली हा नसून, खेळणाऱ्याचे आणि त्या युद्धाचे नाते काय, हा आहे.

२.

हे नाते आमच्या बाबतीत चमत्कारिक आहे. शार्लटच्या लाकडी सैनिकाला ज्याचे नाव होते, तो आर्थर वेलस्ली १८०३ मध्ये आमच्या वऱ्हाडात होता. २३ सप्टेंबरला असई, २९ नोव्हेंबरला अडगाव, १५ डिसेंबरला गाविलगड अशी त्याची मोहीम झाली. १७ डिसेंबरच्या देवगावच्या तहाने नागपूरकर भोसल्यांना वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाडावरचा हक्क सोडावा लागला आणि तो मुलूख निजामाकडे गेला. पुढे १८५३ मध्ये इंग्रजांनी वऱ्हाडचा कारभार आपल्याकडे घेतला, १९०२ मध्ये तो कायमच्या भाडेपट्ट्याने पक्का केला, आणि पैनगंगा ही इंग्रजी कारभार व निजामी राज्य यांच्यामधील सीमा ठरली. मानोऱ्यासारख्या तालुक्याच्या गावी राहणाऱ्या माणसाच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या सोयरिकी, बाजार आणि भीती ज्या सीमेने ठरविल्या, तिचे मूळ असे त्या मोहिमेत आहे.

असई हा जगभरच्या पटावरील युद्धखेळाडूंचा आवडता प्रसंग आहे. त्यात पटाला हवे ते सारे आहे : दोन नद्यांच्या बेचक्यातील रणभूमी, कमी सैन्याने जास्त सैन्यावर केलेला हल्ला, शिंद्यांचा कसलेला तोफखाना. पण त्या टेबलावर एक गोष्ट नसते. वेलस्लीच्या पत्रव्यवहारात धान्य वाहून आणणाऱ्या बंजाऱ्यांचा उल्लेख पुनःपुन्हा येतो. बैलांच्या पाठीवर धान्य लादून चालणाऱ्या तांड्यांवाचून दख्खनमधील कोणतेही मोठे सैन्य, मोगलांचे असो, मराठ्यांचे असो की इंग्रजांचे, फार दिवस उभे राहू शकत नव्हते. त्याच बंजारा समाजाचे सर्वांत मोठे श्रद्धास्थान, संत सेवालाल महाराजांचे पोहरादेवी, आमच्या मानोरा तालुक्यात आहे. विदर्भातल्या मुलांना तान्ह्या पोळ्यात मिरवायला लाकडी बैल मिळतो. असईच्या पटावर मात्र बैल नसतो. कारण प्रसंग तोफा सुरू झाल्यावर सुरू होतो, आणि तोपर्यंत धान्य पोचलेले असते. प्रसंगाचा आरंभबिंदू ठरला की कोणाचा इतिहास पटावर येणार आणि कोणाचा येणार नाही, हे त्याच क्षणी ठरून जाते.

३.

महाराष्ट्राला लघुप्रतिमांच्या युद्धाचे वावडे नाही. दिवाळीत अंगणात दगडमातीचा किल्ला उभा राहतो, त्यावर अळीव पेरला जातो, बुरुजावर मातीचे मावळे आणि वर सिंहासनावर महाराज बसतात. १९९९ मध्ये कारगिलचे युद्ध झाले आणि त्याच वर्षी गणेशोत्सवाच्या देखाव्यांत व दिवाळीच्या किल्ल्यांत हिमशिखरे, खंदक आणि तिरंगा दिसू लागला. म्हणजे समकालीन युद्ध लघुरूपात मांडण्याची इच्छा आपल्याकडेही आहे, आणि ती ताबडतोब प्रकट होते.

मात्र देखावा आणि खेळ यांत एक मूलभूत भेद आहे. देखाव्यात शेवट ठरलेला असतो. अफजलखान तेथे पडलेलाच असतो, शिखरावर झेंडा लागलेलाच असतो. पाहणाऱ्याने हात जोडावेत किंवा छाती फुगवावी, एवढीच अपेक्षा असते. खेळात मात्र दुसऱ्या बाजूला एक माणूस बसवावा लागतो, आणि त्याला जिंकण्याची खरी संधी द्यावी लागते. त्याने कोणत्या हेतूने, कोणत्या माहितीवर, कशाच्या भीतीने निर्णय घेतले, हे त्याला सांगावे लागते. किल्ल्यावर खानाची मूर्ती ठेवणे सोपे. खानाच्या जागी बसून प्रतापगडाखाली यावे की न यावे याचा विचार करणे निराळे. नाटक शिकविताना खलपात्राच्या कृतीला त्याची स्वतःची संगती असली पाहिजे, असे आपण म्हणतो. देखाव्याला ती लागत नाही. खेळाला लागते, आणि म्हणूनच अलीकडच्या संघर्षाचा देखावा झटकन होतो, खेळ मात्र अडतो.

४.

आता निवडीच्या व्यवहाराकडे वळू. यात पहिली अडचण नैतिक नसून अगदी भौतिक आहे. बोटभर उंचीची मूर्ती साधारणपणे खऱ्या माणसाच्या साठाव्या हिश्शाची असते. त्या प्रमाणात सहा फुटांचे टेबल म्हणजे सुमारे ११० मीटर जमीन. वॉटर्लूच्या काळच्या बंदुकीचा खरा परिणाम शंभरएक मीटरच्या आतच असे. म्हणून ते युद्ध टेबलावर बसते. आजची साधी रायफल त्याच्या तिप्पट-चौपट अंतरावर माणूस मारते. म्हणजे दोन्ही बाजूंचे सैनिक टेबलाच्या दोन टोकांना ठेवले, तरी पहिल्या चालीपासून ते एकमेकांच्या माऱ्यात आलेले असतात.

यातून सुटण्याचे मार्ग थोडे आहेत. मूर्ती नखाएवढ्या करायच्या. किंवा अंतरे मुद्दाम आखडून घ्यायची. किंवा दृष्टी अडविणारी जागा शोधायची, म्हणजे रात्र, धुके, जंगल, किंवा शहर. आधुनिक संघर्षांवरील बहुसंख्य खेळ शहराच्या गल्ल्यांत शिरतात, त्याचे एक कारण हे आहे. पण गल्लीत घरे असतात आणि घरांत माणसे असतात. अशा रीतीने बंदुकीच्या पल्ल्याचा प्रश्न पाहता पाहता सामान्य नागरिकांचा प्रश्न होतो. इराकमधील फलुजा येथील २००४ च्या लढाईवरील 'सिक्स डेज इन फलुजा' या संगणकीय खेळाची घोषणा २००९ मध्ये झाली, तेव्हा मृत सैनिकांच्या कुटुंबांपासून युद्धविरोधी संघटनांपर्यंत अनेकांनी आक्षेप घेतला, प्रकाशक कंपनीने अंग काढून घेतले, आणि तो खेळ लोकांपुढे यायला २०२३ साल उजाडले. त्या वादाच्या मुळाशी हाच प्रश्न होता : ज्या घराच्या दारातून खेळाडू आत शिरतो, त्या घरात कोण राहत होते?

याच निकषावर काही प्रसंग आम्ही सरळ बाजूला ठेवतो. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईत सुरू झालेल्या हल्ल्यात १६६ लोक मारले गेले. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गाडीची वाट पाहत बसलेल्या प्रवाशाला कोणताही निर्णय घेण्याची मुभा नव्हती. पटावर तो फक्त संख्या होऊ शकतो. जेथे मरणाऱ्याला चालच नाही, तेथे खेळ नाही.

या उलट गोव्याचा प्रसंग घ्यावा. १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय सैन्य गोव्यात शिरले आणि १९ तारखेस गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांनी शरणागती पत्करली. सैन्यबळाच्या दृष्टीने ही लढत इतकी विषम होती की 'कोण जिंकेल' हा प्रश्न विचारण्यातच अर्थ नाही. पण लिस्बनहून सालाझार यांचा आदेश होता की अखेरच्या माणसापर्यंत लढावे, शरणागती नको. वासालो इ सिल्वा यांनी तो पाळला नाही. त्याबद्दल मायदेशी त्यांना सैन्यातून काढून टाकण्यात आले. १९७४ च्या क्रांतीनंतर त्यांचा मान त्यांना परत मिळाला. आता पोर्तुगीज बाजूच्या खेळाडूसाठी 'विजय' कशाला म्हणायचे? अधिकाधिक काळ लढण्याला गुण दिले, तर प्रसंग लिहिणारा सालाझारच्या बाजूने उभा राहतो. पणजी उद्ध्वस्त न होता आणि सैनिक जिवंत राहून युद्ध संपण्याला गुण दिले, तर तो वासालो इ सिल्वांच्या बाजूने उभा राहतो. विजयाची व्याख्या लिहिणे म्हणजे मूल्यनिर्णय करणे, हे इतक्या स्पष्टपणे दाखविणारे दुसरे उदाहरण आम्हांला आठवत नाही. आणि येथे खरा निर्णय होता, तो घेणारा माणूस होता, त्याची किंमत त्याने मोजली. म्हणून हा प्रसंग खेळण्यास योग्य आहे.

कारगिलचे तसेच, पण निराळ्या कारणाने. टेबलाला कडा असते आणि ती सुताराने ठरविलेली असते. कारगिलमध्ये कडा राजकारणाने ठरविली होती. वायुदलाने वा पायदळाने नियंत्रण रेषा ओलांडायची नाही, असा निर्णय सरकारने घेतला. शिखराच्या मागे जाऊन शत्रूची रसद तोडणे लष्करी दृष्टीने सोयीचे असूनही तो मार्ग बंद राहिला. १३ जूनला तोलोलिंग घेतले गेले ते समोरून, उघड्या चढावरून. भारताचे ५२७ सैनिक या युद्धात कामी आले. विद्यार्थ्याने हा पट खेळून पाहिला, तर 'मागून का गेले नाहीत?' हा प्रश्न त्याला पहिल्या दहा मिनिटांत पडेल. त्याचे उत्तर पटावर नाही. दिल्ली, इस्लामाबाद आणि वॉशिंग्टन यांच्यामधील व्यवहारात आहे. पटाच्या बाहेर नेणारा प्रश्न जो प्रसंग निर्माण करतो, तो चांगला प्रसंग.

५.

या कसोट्या घेऊन आम्ही आता आमच्या दाराशी येतो. पैनगंगेच्या या काठावर राहणाऱ्यांसाठी अलीकडचा सर्वांत जवळचा सशस्त्र संघर्ष म्हणजे हैदराबाद संस्थानचा. १५ ऑगस्ट १९४७ नंतर वऱ्हाड स्वतंत्र भारतात होते आणि नदीपलीकडचा मराठवाडा निजामाच्या राज्यात. रझाकारांच्या अत्याचारांमुळे सीमा ओलांडून माणसे इकडे येत होती. सीमेवर स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांची शिबिरे होती. उमरखेडचे शिबिर त्यांपैकी एक. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले, १७ तारखेस निजामाने युद्धविराम जाहीर केला, १८ तारखेस जनरल एल इद्रूस यांनी मेजर जनरल चौधरी यांच्यापुढे शरणागती दिली. या मोहिमेचे नाव 'ऑपरेशन पोलो'. हैदराबादेतील पोलोच्या मैदानांवरून ते सुचले असे सांगतात. रणगाडे वापरलेल्या या मोहिमेला सरकारी भाषेत 'पोलीस कारवाई' म्हटले गेले. म्हणजे प्रत्यक्ष इतिहासानेच एका युद्धाला आधी खेळाचे आणि मग पोलिसांचे नाव देऊन ठेवले आहे.

यातून कोणता प्रसंग निवडावा? सैनिकी खेळाडूचे उत्तर ठरलेले आहे : नळदुर्ग. सोलापूरकडून येणारा रस्ता, बोरी नदीवरचा पूल, शेजारी किल्ला, पूल उडविला जाण्यापूर्वी तो हस्तगत करण्याची घाई. पहिल्याच दिवशी तो भारतीय सैन्याच्या हाती आला. पटाला हे सारे उत्तम आहे, आणि त्यात खोटे काही नाही. शिवाय या मोहिमेला एक खरे घड्याळही होते. हैदराबादने ऑगस्टमध्ये संयुक्त राष्ट्रांकडे तक्रार नेली होती आणि सुरक्षा परिषदेत ती १६ सप्टेंबरला चर्चेला आली. म्हणून पाच दिवस की पंधरा दिवस, याला लष्करी नकाशापलीकडचा अर्थ होता.

पण आमचे समाधान होत नाही, ते पक्षांच्या मांडणीमुळे. एका बाजूला भारतीय सैन्य, दुसऱ्या बाजूला निजामाचे सैन्य व रझाकार असे दोन रंग ठेवले, की पाहणाऱ्याच्या मनात ते हळूहळू दोन धर्मांचे रंग होतात. इतिहास तसा नाही. विलीनीकरणाच्या बाजूने लिहिणारे 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांची ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत रझाकारांनी हत्या केली. तेलंगणात कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखाली शेतकरी जमीनदारांशी लढत होते. निजामाचे नियमित सैन्य आणि कासीम रझवीचे रझाकार हे एक नव्हते. तेव्हा या प्रसंगाला दोन खुर्च्या पुरत नाहीत.

दुसरी आणि अधिक गंभीर अडचण शेवटाची. खेळ १७ सप्टेंबरच्या संध्याकाळी संपवावा, असे कोणालाही वाटेल. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन आपण त्याच दिवशी साजरा करतो, आणि तो आनंद खरा आहे. ज्यांची घरे जळाली, ज्यांना परागंदा व्हावे लागले, त्यांच्यासाठी तो सुटकेचा दिवस होता. परंतु त्यानंतर काही आठवड्यांत संस्थानच्या अनेक भागांत मुसलमानांच्या कत्तली झाल्या. केंद्र सरकारच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या शिष्टमंडळाने वर्षाअखेर हा प्रदेश पाहिला. अत्यंत सावध अंदाज म्हणून त्यांनी मृतांचा आकडा २७ ते ४० हजार दिला, आणि सर्वाधिक झळ बसलेले जिल्हे म्हणून उस्मानाबाद (आजचे धाराशिव), गुलबर्गा, बीदर व नांदेड यांची नावे घेतली. हा अहवाल कित्येक दशके लोकांपुढे आला नाही.

सप्टेंबरच्या सतरा तारखेनंतरचे हे दिवस पटावर मांडता येणार नाहीत. वर सांगितलेली कसोटी येथेही लागू आहे : जेथे मरणाऱ्याला चालच नाही, तेथे खेळ नाही. पण मग प्रसंग १७ तारखेलाच संपतो, आणि तेथे संपविल्याने तो एका मोठ्या दुःखावर पडदा टाकतो. म्हणजे जे खेळू नये ते न खेळण्याचा आपला विवेकच विस्मरणाला मदत करतो. आधुनिक संघर्षाचा प्रसंग निवडताना येणारा खरा पेच हा आहे, आणि नियमपुस्तकात त्याचे उत्तर सापडत नाही.

आमचा प्रस्ताव असा. प्रसंग नळदुर्गचा न घेता १९४८ च्या उन्हाळ्यातील, पैनगंगेकाठच्या एखाद्या कल्पित गावाचा घ्यावा. खऱ्या गावाचे नाव देऊ नये. खुर्च्या दोन न ठेवता पाच-सहा ठेवाव्यात : गावचा पाटील, मुसलमान विणकर, सीमेवरच्या शिबिरातील कार्यकर्ता, रझाकारांत ओढला गेलेला तरुण, निजामाचा पोलीस अंमलदार, आणि तांडा घेऊन दोन्ही काठांवर फिरणारा बंजारा. प्रत्येकापुढे खरा निर्णय आहे. राहावे की जावे, शेजाऱ्याला लपवावे की नाही, धान्य कोणाला द्यावे. रायस्वित्झच्या खेळातल्यासारखा पंच असावा आणि प्रत्येकाला आपल्याच जागेवरून दिसेल तेवढेच सांगितले जावे. नदीपलीकडून आलेली बातमी खरी की अफवा, हे पंच सांगणार नाही. गुण नसावेत. मूर्ती विकत आणण्याची गरज नाही. माती, काडेपेट्या आणि रंगीत बटणे पुरतील. प्लॅस्टिकचा सैनिक मिळाला तर तो एकच असावा, आणि तो बहुतेक वेळ पटाबाहेर असावा. लोकांना तो त्या उन्हाळ्यात दिसत होता तो असाच, दूर कुठे तरी.

खेळ १७ सप्टेंबरच्या घोषणेने थांबवावा, परंतु पट उचलू नये. तो तसाच टेबलावर राहू द्यावा आणि पुढच्या तासाला त्याच्याभोवती बसून आधी सीमेपलीकडून आलेल्या निर्वासितांच्या हकिकती वाचाव्यात, अनंत भालेराव आणि नरहर कुरुंदकर यांचे लेखन वाचावे, आणि मग सुंदरलाल शिष्टमंडळाचा अहवाल वाचावा. पटावरच्या प्रत्येक बटणाचे त्या पुढच्या महिन्यात काय झाले असेल, हे ज्याने ते बटण चालविले त्याने लिहून काढावे. रझाकार तरुण ज्याच्या वाट्याला आला त्यानेही, आणि पाटील ज्याच्या वाट्याला आला त्यानेही.

यावर एक आक्षेप आम्ही ऐकतो. अशा विषयाला हात घातल्यास वर्गातल्या मुलांची आडनावे आडवी येतील, जुन्या जखमा उघड्या होतील. आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. वर्गात ज्यांच्या आजोबांनी रझाकारांच्या भीतीने नदी ओलांडली अशी मुले असू शकतात आणि ज्यांच्या आजोबांनी सप्टेंबरनंतर ओलांडली अशीही. म्हणूनच कोणाला कोणती खुर्ची मिळेल हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे, असे आम्ही सुचवितो. आपल्या आजोबांची खुर्ची कोणी मागून घेऊ नये आणि कोणाला ती नेमूनही देऊ नये. चिठ्ठीने आलेल्या परक्या खुर्चीत तासभर बसून प्रामाणिकपणे चाल करणे, हे या खेळाचे एकमेव शिक्षण आहे. आणि कादंबरी वाचताना आपण विद्यार्थ्यांकडून जे मागतो, त्याहून ते वेगळे नाही.